हात कोणाचा?

ताईंचं एक व्रत होतं, आणि ते उपासतापासाचं नव्हतं. आपल्या हातून जे चांगलं होईल ते आपल्या तोंडाने सांगायचं नाही, एवढंच. सकाळी देवासमोर बसल्या की डोळे मिटून त्या मनाशी म्हणत, 'आज जे होईल ते तू करशील, मी नाही.' मग दिवे लागेपर्यंत तो शब्द पाळत. ऐकायला सोपं वाटतं. पण जरा करून बघावं, म्हणजे आपली जीभ दिवसातून कितीदा आपल्या पुढे धावते ते कळतं.

आणि ताईंच्या कामात तर जिभेला धावायला मोकळं मैदान होतं. धाकट्या भावाचं शिंप्याचं दुकान. मापं भाऊ घ्यायचा, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा तोच, आणि पडद्यामागे मशीनवर बसायच्या ताई. गिऱ्हाईक नवा कोट घालून आरशासमोर या बाजूने त्या बाजूने वळे आणि म्हणे, "वा! खांदा काय बसलाय! कोणी शिवला?" ताई मान खाली घालून बॉबिन भरू लागत. भाऊ गळ्यातली टेप सरळ करत म्हणे, "आपल्याच हातचं काम, साहेब."

गिऱ्हाईक पायरी उतरलं की तोच उलटा टोमणा मारे. "ताई, एकदा तरी 'मी' म्हण गं. तुझ्यापायी मला खोटं बोलायची सवय लागली."

"ती तुला पाळण्यातच लागली होती," ताई दोरा तोडत म्हणत.

हेच व्रत ताईंनी लेकीलाही दुधाबरोबर पाजलं होतं. लहानपणी ती शर्यतीत पहिली आली तर घरी येऊन सांगे, बाकीच्या हळू पळाल्या. वर्गात पहिली आली तर पेपर सोपा होता. ताईंना त्याचं केवढं समाधान! मामा मात्र तिला 'मुकी' म्हणायचा. मुकी मोठी झाली, परदेशी कॉलेजात जागा मिळाली म्हणून तिकडे जाऊन डॉक्टरकी शिकली, आणि आई इथे होती म्हणून इथे आली. पण एका देशाची पदवी दुसऱ्या देशात नुसती दाखवून भागत नाही. इथल्या परीक्षा द्यायच्या, मग इथल्या मोठ्या दवाखान्यात काही वर्षं उमेदवारी करायची, तेव्हा कुठे दारावर पाटी लागते. परीक्षा झाल्या होत्या. उमेदवारीच्या जागेसाठी अर्जही गेला होता. तोवर ती एका दवाखान्यात काउंटरवर नावं लिहून घ्यायला बसायची. "डॉक्टर असून डॉक्टरच्या दाराबाहेर," मामा हळहळायचा. ती म्हणायची, "बसायला खुर्ची तरी आहे, मामा."

एके दुपारी ती वेळेआधीच दुकानात आली. पडदा बाजूला सारून आत आली आणि कापडाच्या ठाणांवर टेकली. काउंटरवरचा बिल्ला अजून छातीवर होता.

"आई, लहान मुलांची पोस्टिंग धरत नाहीत म्हणे."

ताईंनी मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. पोस्टिंग म्हणजे काय हे त्यांना आता तोंडपाठ झालं होतं. शिकताना प्रत्येक वॉर्डात काही आठवडे काढायचे असतात. मोठ्यांचा वॉर्ड, ऑपरेशनचा, बाळंतिणींचा, लहान मुलांचा. इथलं डॉक्टरांचं मंडळ अर्ज बघताना तेच आधी बघतं. नियम साधा होता: पेशंटच्या खाटेपाशी, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली, स्वतःच्या हातांनी काम केलेलं असलं तरच पोस्टिंग धरायची. नुसतं उभं राहून बघितलेलं धरायचं नाही. आणि एक जरी वॉर्ड कमी पडला तरी अर्ज परत.

"का धरत नाहीत?"

"मंडळातल्या बाईंचा फोन आला होता मागे. त्यांनी विचारलं, मुलांच्या वॉर्डात तुम्ही नेमकं काय करत होतात."

"मग?"

"मी म्हटलं, विशेष काही नाही. वॉर्डात शिकवणाऱ्या मॅडमच्या मागे उभी असायचे. सगळं त्याच करायच्या. मला बघायला मिळालं हेच खूप."

पडद्याबाहेरून मामाचा आवाज आला. "धन्य! धन्य आहे! अगं मुके, त्यांनी विचारलं काय केलंस, आणि तू सांगितलंस काय केलं नाहीस!" आणि पाठोपाठ मामाही आत आला. कानामागे खडू, हातात कोणाची तरी अर्धी विजार.

ताईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "पण तू खरं तेच सांगितलंस ना?"

लेक बिल्ल्याची पिन उघडझाप करत राहिली. मग हळूच म्हणाली, "नाही, आई."

ताईंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. या पोरीच्या तोंडून खोटं कधी निघालं नव्हतं. चॉकलेट खाल्लं तर चॉकलेट खाल्लं म्हणून स्वतः येऊन सांगणारी पोर.

"मॅडमनी लिहून दिलंय की हिने सगळं स्वतःच्या हातांनी केलं. मी म्हणतेय की नाही केलं. त्या फोनवाल्या बाई आज म्हणाल्या, दोघींपैकी एकीचं खोटं आहे, कोणाचं ते मंडळ ठरवेल. येत्या गुरुवारी कॉम्प्युटरवर मला आणि मॅडमना समोरासमोर घेणार आहेत." तिने बिल्ला काढून ठाणावर ठेवला. "माझं राहू दे. पण मॅडमचा शब्द खोटा पडला ना, तर त्यांच्या वॉर्डातून येणाऱ्या पुढच्या कुठल्याच मुलीची पोस्टिंग कोणी धरणार नाही. आणि माझी पदवीही या वर्षानंतर जुनी होते. मग अर्जच घेत नाहीत."



"त्यात काय!" मामा म्हणाला. "गुरुवारी चार गोष्टी वाढवून सांग. सगळेच सांगतात. म्हणावं, मी एकटीने वॉर्ड चालवला, मॅडम घरी स्वेटर विणत होत्या."

"वाढवून काही सांगायचं नाही," ताई म्हणाल्या.

"आणि घटवून सांगितलेलं चालतं वाटतं?" मामाने अर्धी विजार हवेत फडकावली. "हे कुठल्या देवाने सांगितलंय? माप वाढवून घेतलं तर कपडा ढगळ होतो, कमी घेतलं तर उसवतो. वाया जायचं ते दोन्हीकडे जातंच. तू तुझ्या व्रतापायी पोरीला कमी मापाची शिवलीस, ताई."

बोलून गेला आणि स्वतःच चपापला. विजार घेऊन बाहेर पळाला. ताईंनी चाक फिरवलं खरं, पण दोरा ओवलेलाच नव्हता हे त्यांच्या बऱ्याच वेळाने ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या देवासमोर बसल्या. डोळे मिटले. 'आज जे होईल ते तू करशील' इथपर्यंत आल्या आणि पुढचे दोन शब्द काही केल्या पुढे येईनात. इतक्या वर्षांची वाट, त्यात आज खड्डा. मामा बोलला ते त्यांना लागलं होतं, कारण मामा बहुतेक वेळा बाष्कळ बोलायचा, आणि बाष्कळ माणूस खरं बोलला की ते जास्त लागतं. आपण 'मी'पणा मारायला निघालो आणि मारलं काय, तर एका परक्या बाईचा शब्द. ज्या बाईने आपल्या पोरीला हाताला धरून शिकवलं तिलाच आपल्या नम्रतेने खोटं पाडलं. देवा, हे तुला कसं चाललं असतं?

आणि मग आणखी एक गोष्ट त्यांच्या मनात आली, आणि तिच्यासरशी त्या उठूनच उभ्या राहिल्या. लेकीने तिथे केलं तरी काय, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. जेवलीस का, झोपलीस का, पांघरूण पुरतं का, हे रोज विचारलं. हातांनी काय केलंस, हे कधीच नाही.

लेक आतल्या खोलीत कामावर जायला केस विंचरत होती. ताई तिच्यासमोर जाऊन बसल्या.

"मला सांग."

"काय?"

"त्या मुलांच्या वॉर्डात तू काय काय केलंस ते. मला सगळं ऐकायचंय."

लेकीने फणी खाली ठेवली. "विशेष काही नाही गं, आई." इतकी वर्षं बंद असलेलं दार एका धक्क्याने कुठलं उघडायला! ताईंनी आजूबाजूला पाहिलं. कोपऱ्यात अस्तराच्या कापडाची गुंडाळी होती. ती त्यांनी उचलली, वरून एक जुना टॉवेल लपेटला, टोकाला गाठ मारून डोकं केलं आणि तो गोळा लेकीच्या मांडीवर ठेवला.

"तोंडाने नको. दाखव."

लेक हसली. हसता हसता तिने त्या गोळ्याखाली हात घातला, आणि ताईंनी पाहिलं की हात घालतानाच तिचा चेहरा बदलला. डावा तळवा मानेखाली गेला, बोटं पसरून डोक्याला आधार झाली. उजवा हात आधी नुसता बाळाच्या पोटावर टेकून राहिला.

"हात आधी गरम करायचे," ती म्हणाली. "गार हात लागला की बाळ आक्रसतं. मग पोट कळत नाही. हे बघ, इथे शीर. डोक्यावर. लहान बाळांच्या हाताला सापडत नाही ना, म्हणून डोक्यावर बघायची. आधी बोटावर साखरेचं पाणी घेऊन चोखायला द्यायचं. ते चोखायला लागलं की लक्ष तिकडे जातं, आणि इकडे सुई…"

तिने अंगठ्याने टॉवेलचा पोत ताणला, सुई नसलेल्या बोटांनी सुई धरली, तिरकी केली आणि आत सरकवली. ताई वाकून बघू लागल्या. बारीक कापडावर आतली टीप घालताना त्या स्वतः असाच अंगठा ताणत. हुबेहूब. शिकवलं नव्हतं, आलं होतं.

मग लेक बोलत गेली. खिडकीजवळच्या खाटेवरचं ते बाळ, दूध ओढत नव्हतं, त्याला थेंब थेंब पाजून ओढायला लावलं. जुळ्यांतला धाकटा, जो थोरल्याच्या अंगाला अंग लागल्याशिवाय झोपत नसे. एक आई, जी स्वतःच एवढीशी होती की बाळाला धरायला घाबरायची. ताई ऐकत होत्या. देवळातली पोथी ऐकावी तशा.

"आणि तिथली एक रीत होती," लेक म्हणाली. "सकाळी मॅडम खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहायच्या आणि प्रत्येक बाळाचं एकेक विचारायच्या. सलाईन लावलंय, हात कोणाचा? औषध दिलंय, हात कोणाचा? ज्याने केलं त्याने हात वर करायचा आणि 'माझा' म्हणायचं. नाहीतर एकाच बाळाला दोघंजण दोनदा औषध देतात, नाहीतर दिलं असेल कोणीतरी म्हणून कोणीच देत नाही. पहिल्या दिवशी मी हात वर केलाच नाही."

"मग?"

"मॅडम अशा ओरडल्या! म्हणाल्या, लाजायचं असेल तर लग्नात लाज, इथे लाजलीस तर लेकरू मरेल." ती टॉवेलची गाठ कुरवाळत म्हणाली, "मग मी रोज हात वर करायचे. तोंडाने मात्र 'माझा' म्हणायचे नाही. हात दाखवला की मॅडमना कळायचं. तुझं व्रत मी मोडलं नाही, आई. पण फोनवर हात दिसत नाही ना."

ताईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं.

"ऐक," त्या शेवटी म्हणाल्या. "कपडा शिवताना आपण शिवणीच्या आत माया सोडतो, दोन बोटं जास्तीचं कापड. का सोडतो? अंग वाढलं की तो सोडवता यावा म्हणून. मी तुला व्रत दिलं ते मायेशिवाय दिलं, चुकलंच माझं. तू वाढलीस, ते तेवढंच राहिलं. आता ते सोडव. स्वतःचं कौतुक करायचं नाही, हे राहू दे. पण कोणी विचारलं तर केलेलं लपवायचं नाही. देवाने हात तुझा घेतला असेल, तर तो तुझाच होता असं म्हणायला त्याची ना नसावी."

लेकीने ते टॉवेलचं बाळ अलगद आईच्या मांडीवर ठेवलं. 

गुरुवारी सकाळी वरच्या खोलीत कॉम्प्युटर ठाणांच्या चळतीवर चढवला, चेहरा नीट दिसावा म्हणून. खाली मामाला ताकीद होती की मशीन चालवायची नाही, आवाज वर येतो. "मशीन मी कधी चालवलीय?" मामा दुखावून म्हणाला. बोलून झाल्यावर आपण काय कबूल केलं हे त्याच्या लक्षात आलं आणि तो गप्प झाला.

पडद्यावर आधी फोनवाल्या बाई आल्या. मग मंडळाचे अध्यक्ष आले, पांढऱ्या केसांचे, घोगऱ्या आवाजाचे. ते स्वतःही लहान मुलांचेच डॉक्टर होते. तिसऱ्या चौकटीत बराच वेळ एक कपाळ आणि वर फिरणारा पंखा दिसत होता. त्या मॅडम.

"मॅडम, जरा खाली करा," बाई म्हणाल्या. पंखा गेला आणि एक रुंद, ठसठशीत चेहरा आला, जो कोणाच्याही मदतीशिवाय आला असा त्याचा आव होता.

"खोलीत आणखी कोणी आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"आई आहे, सर. बाहेर जायला सांगू?"

"बोलणार नसतील तर बसू देत."

ताई खिडकीशी बसल्या होत्या. बोलायचं नाही, एवढंच ना. त्यात तर त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्या मांडीवर ते टॉवेलचं बाळ होतं. ते इथे कशाला आणलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"तर," अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या मॅडम लिहितात की मुलांच्या वॉर्डात सगळं काम तुम्ही स्वतः केलं. तुम्ही आमच्या ऑफिसात सांगितलंत की तुम्ही नुसत्या उभ्या होतात. बघणाऱ्याची पोस्टिंग आम्ही धरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आता सांगा. काय केलंत?"

"मॅडमनी आम्हाला…"

"मॅडमचं नंतर. तुमचं."

"तिथे बाळांची तपासणी व्हायची, सर. सलाईन लागायचं…"

"कोण लावायचं?"

"म्हणजे… आम्ही सगळेच…"

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.  लेकीचे कान लाल झाले होते. तिने एकदा खिडकीकडे पाहिलं. ताईंनी तिला दिसेल असं ते टॉवेलचं बाळ दोन्ही हातांनी वर धरलं.

"एक मिनिट," तिसऱ्या चौकटीतून आवाज आला. "मी बोलू का?"

"मॅडम, तुम्ही तिला उत्तर सुचवायचं नाही."

"सुचवते कशाला? सुचवून डॉक्टर झाले असते तर मी इतकी वर्षं घसा कशाला फोडला असता? माझ्या वॉर्डात मी रोज सकाळी जे विचारते तेच विचारणार आहे. उत्तर तिचं तिला येत असेल तर येईल." आणि त्यांनी चष्मा नाकावर चढवला. त्यांचा आवाज बदलला. जणू समोर पडदा नसून खाटांची रांग होती. "खिडकीजवळची खाट. बाळ दूध ओढत नाही. डोक्याला सुई लागली पहिल्याच खेपेला. हात कोणाचा?"

लेकीचा उजवा हात वर गेला. तिने नेला नाही, तो गेला. शाळेतल्या मुलीचा जातो तसा, कोपर सरळ.

फोनवाल्या बाई म्हणाल्या, "हात दिसला. पण नोंदीसाठी तोंडाने सांगावं लागेल."

 लेकीचा हात वरच होता. तिने पुन्हा खिडकीकडे पाहिलं, आणि ताईंना ती शर्यत जिंकून आलेली, धापा टाकणारी एवढीशी पोर दिसली. बाकीच्या हळू पळाल्या म्हणणारी. ताईंनी मान हलवली. एकदा, आणि पुरेसं नाही असं वाटून पुन्हा एकदा.

"माझा," लेक म्हणाली.

आवाज एवढासा होता, पण होता.

"कोपऱ्यातली जुळी. धाकट्याचं वजन वाढत नव्हतं. त्याला थोरल्याच्या कुशीत ठेवायचं कोणाच्या डोक्यात आलं, ते राहू दे. उचलून ठेवलं, हात कोणाचा?"

"माझा." आता जरा मोठ्याने.

"सुई लावताना आई कुठे असते?" हे अध्यक्षांनी मध्येच विचारलं, अगदी सहज.

"बाहेर, सर. ती समोर असली की बाळ तिच्याकडे मान वळवतं, आणि शीर हातची जाते. मी आईला बाहेर बसवायचे आणि झालं की पहिलं तिच्याच हातात द्यायचे." 'मी' आला आणि गेला, आणि तिला कळलंही नाही. ताईंना कळलं.

मॅडमना आता चेव आला होता. "आणि ते बाळ, निळं पडलेलं! श्वासच घेईना. श्वास देणारा फुगा दाबून दाबून परत आणलं, सगळा वॉर्ड गोळा झाला होता. हात कोणाचा?"

हात निम्म्यापर्यंत गेला आणि थांबला. मग खाली आला.

"तो माझा नव्हता, मॅडम."

"काय?"

"फुगा माझ्या जोडीदारणीने दाबला. मी ऑक्सिजनची नळी धरून बाजूला उभी होते. मी नुसतं बघत होते."

"असं?" मॅडमनी चष्मा काढला. "मी इतके दिवस सगळ्यांना तुझं म्हणून सांगतेय!"

ताईंनी टॉवेलचं बाळ छातीशी धरलं. आता हिने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. मॅडमनी स्वतःच्या तोंडाने दिलेलं, आणि हिने परत केलं. आणि तरी, खरं सांगायचं तर, त्याच क्षणी त्यांना वाटलं की आता काय व्हायचं ते होऊ दे.

 अध्यक्षांचे खांदे हलू लागले, आणि तेव्हा कुठे कळलं की ते हसताहेत. घोगरा माणूस हसतो तेव्हा खोकल्यासारखं वाटतं.

"बाई, लिहून घ्या," ते म्हणाले. "करणं कशाला म्हणतात आणि बघणं कशाला म्हणतात, हे या मुलीला आपल्या नियमापेक्षा नीट कळतं. मॅडमचा शब्द खरा. पोस्टिंग धरली. अर्ज पुढे पाठवा." मग लेकीकडे वळून म्हणाले, "पण एक लक्षात ठेवा. उमेदवारीला लागाल तेव्हा तुमच्या नम्रतेचा पेशंटला काही उपयोग नाही. केलं तर केलं म्हणा. चुकलं तर चुकलं म्हणा. कोणाचा हात, ते कळलं पाहिजे."

"हो, सर."

"हो काय? मोठ्याने!"

"हो, सर!"

दोन चौकटी विझल्या. तिसरी तशीच राहिली. "आई आहेत ना तिथे? दाखव बघू त्यांना," मॅडम म्हणाल्या. ताई संकोचत पुढे आल्या, कडेवर टॉवेलचं बाळ तसंच.

"नमस्कार. हे काय धरलंय तुम्ही? मानेला आधार द्या. हां. तुम्ही हिला वाढवलंत ते काय मीठ न घालता? फोनवर म्हणते, मी नुसती उभी होते! माझ्या वॉर्डात नुसतं उभं राहायला मी भिंतीला सुद्धा देत नाही."

"व्रत माझं होतं," ताई म्हणाल्या. "तिने पाळलं. तुम्हाला त्रास झाला."

"व्रताला माझी हरकत नाही हो. पण मला वेळेवर 'माझा' ऐकू यायला हवं." आणि जरा थांबून, मऊ आवाजात म्हणाल्या, "हात मात्र चांगले आहेत पोरीचे. कोणाचे घेतलेत?"

ताईंनी लेकीकडे पाहिलं. लेक ओठ दाबून हसत होती. ताईंनी टॉवेलच्या बाळाच्या मानेखाली हात आणखी नीट सरकवला.  

कॉम्प्युटर मिटल्यावर लेक ठाणांवर डोकं टेकून नुसती बसली. ताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. किती दिवसांनी त्या पाठीतली ताठर शिवण सैल झालेली त्यांच्या तळव्याला लागली. मग त्या देवासमोर गेल्या आणि त्या दिवशी अर्धंच राहिलेलं वाक्य नव्याने म्हणाल्या. 'आज जे झालं ते तू केलंस. आमच्या हातांनी.' ते बरं बसलं. कुठे काचलं नाही.

खालून मामाची हाक आली. "अगं, कोणी सांगेल का मला? इकडे माझा जीव टांगणीला!"

"धरली, मामा!" लेक जिन्यावरून ओरडली. मामाने कधी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता. त्याच्या हातून टेप सुटली.

ताई खाली उतरल्या तेव्हा दुकानात एक गिऱ्हाईक नवा कोट घालून आरशासमोर उभं होतं. मामा एका डोळ्याने रडत होता आणि दुसऱ्याने गिऱ्हाइकाकडे बघत होता.

"खांदा सुरेख बसलाय," गिऱ्हाईक म्हणालं. "कोणी शिवला?"

मामाने सवयीने तोंड उघडलं. पडद्याजवळून एक हात वर आला.

गिऱ्हाईक गोंधळून बघत राहिलं. जिन्याच्या वरच्या पायरीवरून लेक म्हणाली, "तोंडाने, आई. नोंदीसाठी."

"मी," ताई म्हणाल्या. पहिल्यांदा बोलल्यावर शब्द जरा परका लागला, नव्या कपड्यासारखा. मग त्यांची नजर कोटाच्या पुढच्या बाजूला गेली आणि त्यांनी प्रामाणिकपणे पुढचंही सांगून टाकलं. "मधलं बटण मात्र माझ्या भावाने लावलंय."

गिऱ्हाइकाने खाली पाहिलं. बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं.